राजमहेंद्रीची रत्नम् झरणी : आख्यायिका व पत्र

जुन्या दप्तरांच्या संग्राहकांस बोरू, कागद व शाई यांचा इतिहास परिचित असतो. परंतु विसाव्या शतकांतील असंख्य कागद ज्या झरणीनें, म्हणजे फौंटनपेननें, लिहिले गेले तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. आख्यायिका आणि अस्सल पत्र यांचें बलाबल कसें ठरवावें, हें दाखविण्यास राजमहेंद्रीच्या ‘रत्नम्’ झरणीचें उदाहरण उपयोगी पडेल, म्हणून आम्ही तें येथें विचारास घेतों.

त्र्यंबकेश्वरीं उगम पावलेली गोदावरी समुद्रास मिळण्यापूर्वीं ज्या नगराजवळून वाहते तें राजमहेंद्री. तेथें के. व्ही. रत्नम् यांनीं इ. स. १९३२ त झरण्यांचा कारखाना काढला. एबोनाइट म्हणजे कठीण केलेलें रबर. त्याची कांब लेथवर कांतून ही झरणी घडवीत, व शाई नळीनें थेंबथेंब तिच्या पोटांत भरीत. कारखान्याच्या उत्पत्तीची प्रचलित कथा अशी कीं, १९२१ त वर्धा येथें रत्नम् यांची महात्मा गांधींशीं भेट झाली. टांचणीपासून लेखणीपर्यंत कांहींतरी लोकोपयोगी वस्तु देशांत निर्माण करावी असें गांधींनीं सांगितलें. व त्या उपदेशांतून हा उद्योग निघाला.

या कथेशेजारीं गांधींचें रत्नम् यांस आलेलें पत्र ठेवून पाहूं. तें दि. १६ जुलै १९३५ चें आहे. मजकूर त्रोटकच. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांचे हस्तें पाठविलेल्या झरणीबद्दल आभार. ती आपण वापरली. व बाजारांत दिसणाऱ्या परदेशी झरण्यांस ती चांगला पर्याय दिसते, एवढेंच. १९२१ च्या भेटीचा अथवा पूर्वींच्या उपदेशाचा त्यांत उल्लेख नाहीं.

आतां कालाचा मेळ घालूं. ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ त स्थापन झाला. अर्थात् त्या संघाच्या कुमारप्पांमार्फत गेलेली झरणी डिसेंबर १९३४ ते जुलै १९३५ या अवधींतच पोंचली असली पाहिजे. त्या वेळीं कारखाना निघून दोन वर्षें होऊन गेलीं होतीं. म्हणून हें पत्र झरणीच्या स्वीकाराचा पुरावा होय, उत्पत्तीचा नव्हे. केवळ त्याच्या मौनावरून भेट झालीच नाहीं असें म्हणणें हाही अतिरेक होईल. आभाराच्या चार ओळींत सर्व पूर्वेतिहास येत नसतो. तथापि कथेंतच उपदेश व कारखाना यांमध्यें अकरा वर्षांचें अंतर आहे, तें विसरतां येत नाहीं.

‘पहिली स्वदेशी झरणी’ हें बिरुदही जपून वापरावें. काशीच्या डॉ. राधिकानाथ साहा यांची ‘लक्ष्मी’ स्टायलो लेखणी याच्या पूर्वींची आहे. मात्र स्टायलोस चिरलेलें टोंक नसून बारीक नळी असते. तेव्हां बिरुद कोणास द्यावयाचें हें ‘झरणी’ शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून राहील.

‘गांधींच्या आज्ञेनें निर्माण झालेली’ म्हणून जुनी रत्नम् झरणी हातीं आल्यास संग्राहकांनीं या पत्राचा आधार त्या विधानास देऊं नये. पत्र जें सांगतें तें त्याहून मोलाचें आहे: एका कारागिराची वस्तु गांधींनीं स्वतः वापरून पारखली व तिला पसंती दिली. निर्मितीचें श्रेय गांधींनीं त्या पत्रांत आपणांकडे घेतलेलें नाहीं. तें रत्नम् यांचे पदरीं राहूं देणें हेंच त्या कागदाशीं इमान राखणें होय.