चराची व्याप्ती

चराची व्याप्ती : संगणकीय आज्ञावलीत एखाद्या चराचे नाव ज्या मर्यादेत ओळखले जाते व ज्या मर्यादेत त्याचा उपयोग करता येतो, तिला त्या चराची ‘व्याप्ती’ म्हणतात. जो चर संपूर्ण आज्ञावलीत उपलब्ध असतो त्याला सार्वत्रिक चर आणि जो विशिष्ट फलनात किंवा खंडातच उपलब्ध असतो त्याला स्थानिक चर असे म्हणतात. एकच नाव दोन निरनिराळ्या व्याप्तींत आले, तर ते दोन भिन्न चर ठरतात. व्यवहारातही असे आढळते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यावरही मुंबई नगरपालिकेने काही दशके जुनी मुंबई वेळ चालू ठेवली होती. मुंबई वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. मनमाडहून मुंबईस जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने ‘दहा वाजले’ या शब्दांचा अर्थ ते रेल्वेच्या घड्याळानुसार म्हटले की नगरपालिकेच्या, यावर अवलंबून होता. नाव तेच, पण ज्या क्षेत्रात ते उच्चारले जाते त्यावर त्याचे मूल्य ठरते, हेच व्याप्तीचे मूलतत्त्व होय.

पूर्वपीठिका : आरंभीच्या संगणकांत व्याप्तीची कल्पना नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. अशा यंत्रांच्या भाषेत स्मृतीतील प्रत्येक स्थान कोणत्याही आज्ञेला खुले असे. म्हणजे सर्वच राशी सार्वत्रिक असत आणि एका ठिकाणची चूक दुसरीकडची राशी बिघडवू शके. याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर फोर्ट्रान भाषा वापरता येत असे. फोर्ट्रानमध्ये उपआज्ञावलीचे चर तिच्यापुरते मर्यादित राहत आणि सामाईक चरांची वेगळी घोषणा करावी लागे.

अल्गॉल ६० या भाषेने खंडरचना रूढ केली. खंडात घोषित केलेला चर त्या खंडापुरताच राहतो व आतील खंडाला बाहेरील खंडाचे चर दिसतात, हा नियम पुढील बहुतेक भाषांनी स्वीकारला. आज्ञावली कशी लिहिली आहे, केवळ त्यावरून येथे व्याप्ती ठरत असल्याने तिला पाठनिष्ठ व्याप्ती म्हणतात. याउलट जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेच्या आरंभीच्या रूपांत फलन कोठून बोलावले गेले यावर चराचा अर्थ ठरे. ही गतिक व्याप्ती होय. जेराल्ड ससमन व गाय स्टील यांनी १९७५ मध्ये रचलेल्या स्कीम या लिस्पच्या बोलीने पाठनिष्ठ व्याप्तीचा पुरस्कार केला.

महाजालाच्या भाषा : वेबपृष्ठांसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषांत व्याप्तीचा प्रश्न विशेष तीव्र झाला. त्याचे कारण असे की, एकाच पृष्ठावर अनेकांनी लिहिलेल्या आज्ञावल्या एकत्र येतात आणि दूरच्या अपरिचित वापरकर्त्याकडून आलेली माहिती त्यांत प्रवेश करते.

पीएचपी ही भाषा रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात फलनाला बाहेरील चर आपोआप दिसत नाहीत. ते हवे असल्यास ‘ग्लोबल’ या शब्दाने तसे सांगावे लागते. मात्र पूर्वी तिच्यात अशी सोय होती की, वापरकर्त्याने पाठविलेल्या प्रत्येक नावाचा आपोआप सार्वत्रिक चर बनत असे. त्यामुळे प्रवेशाची परवानगी दर्शविणाऱ्या चराला आरंभीचे मूल्य देण्यास लेखक विसरला, तर परक्या व्यक्तीला पत्त्याच्या ओळीतूनच ते मूल्य पुरविता येई व बंद दार उघडे. एप्रिल २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मधील ५.४ आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ मध्ये अवघ्या काही दिवसांत रचली. तिच्यावर स्कीमचा प्रभाव असल्याने तिची व्याप्ती पाठनिष्ठ आहे. परंतु ‘व्हार’ या शब्दाने घोषित केलेल्या चराची मर्यादा खंड नसून संपूर्ण फलन असते. शिवाय घोषणेविना मूल्य दिलेले नाव आपोआप सार्वत्रिक चर बनत असे. याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. मनमाड प्रस्थानकातून मुंबई, भुसावळ, दौंड व छत्रपती संभाजीनगर या चार दिशांना लोहमार्ग जातात. त्यांसाठी पृष्ठावर चार कळी ठेवून, आवर्तनाच्या आत दिशेचे नाव ‘व्हार’ने घोषित केले, तर कोणतीही कळ दाबली असता शेवटच्या दिशेचेच नाव उमटते, कारण चारही कळींच्या वाट्याला एकच चर आलेला असतो. असे दोष टाळण्यासाठी आज्ञावलीकार निनावी फलन रचून ते तत्काळ चालवीत व त्याच्या कुंपणात आपले चर सुरक्षित ठेवीत.

सुधारणा : २००९ मधील प्रमाण आवृत्तीत ‘कडक रीत’ आली. तीत अघोषित नावाला मूल्य देणे हा दोष ठरला. जून २०१५ च्या आवृत्तीत ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ हे शब्द दाखल झाले. त्यांनी घोषित केलेल्या नावांची मर्यादा खंडापुरती असते व वरील उदाहरणात प्रत्येक कळीला स्वतंत्र चर मिळतो. त्याच आवृत्तीत आलेल्या विभागरचनेमुळे प्रत्येक विभागाची सर्वोच्च पातळीवरील नावे त्याच्यापुरती राहू लागली. मात्र ‘व्हार’ काढून टाकण्यात आला नाही. जगातील असंख्य जुनी पृष्ठे त्यावर आधारलेली असून ती चालू राहणे आवश्यक होते.

अल्गॉल ६० ची खंडव्याप्ती जावास्क्रिप्टमध्ये येण्यास अशा रीतीने अर्धशतकाहून अधिक काळ लागला. शक्य तितकी संकुचित व्याप्ती ठेवावी व सार्वत्रिक चर विरळाच वापरावेत, हे तत्त्व आज आज्ञावलीलेखनात सर्वमान्य झाले आहे. चूक कोठे झाली हे शोधण्याचे क्षेत्र त्यामुळे आपोआप लहान होते.