सलगमाचे श्रेय

दिवाळीच्या फराळात सलगमाला जागा नाही आणि मंडईतही त्याची कोणी आवर्जून चौकशी करीत नाही. मोहरीच्या कुळातला, मुळ्याचा हा भाऊबंद. थंडीत परसातल्या एका वाफ्यात बी टाकावे, दाट उगवले तर विरळणी करावी, खुरप्याने तण काढावे. दोनेक महिन्यांत कंद हाती येतो. परंतु याच गरीब कंदाने इंग्लंडच्या शेतीचे रूप पालटण्यास मोठा हातभार लावला. त्याचे श्रेय मात्र भलत्याच ठिकाणी जमा झाले.

ही हकीकत नॉर्फक परगण्यातली. चार्ल्स टाउनशेंड हे तेथले उमराव आणि राजाचे मंत्री. पंतप्रधान वॉलपोल हे त्यांचे सख्खे मेव्हणे. त्या दोघांचे बिनसले, तेव्हा १७३० साली टाउनशेंड यांनी राजकारणाला रामराम ठोकला आणि ते रेनम येथील आपल्या जमिनीवर जाऊन राहिले. तेथे त्यांना सलगमाचा ध्यास लागला. कवी अलेक्झांडर पोप यानेही त्यांना त्यावरून चिमटा काढला आहे. इतिहासात ‘टर्निप टाउनशेंड’ हेच नाव त्यांना चिकटले आणि पुढे क्रमिक पुस्तकांनी तर त्यांना या पिकाचे जनकच करून टाकले.

खरी गोष्ट निराळी आहे. १५६५ साली नॉर्विच शहराने नेदरलंड्‌सकडील विणकरांची तीस कुटुंबे बोलावून घेतली. धर्मच्छळाला कंटाळलेले आणखी हजारो लोक त्यांच्या पाठोपाठ आले. हातमागाबरोबर त्यांनी परसबागेची विद्याही आणली. पुढे हा कंद वाफ्यातून शेतात गेला, तो गुरांचा चारा म्हणून. त्या काळी कोणी वारले की त्याच्या चीजवस्तूंची यादी चर्चच्या न्यायालयात दाखल होई. संशोधकांनी अशा जुन्या याद्या वाचल्या, तेव्हा सतराव्या शतकातच नॉर्फक आणि सफकच्या शेतकऱ्यांपाशी सलगम असल्याचे आढळले. टाउनशेंड यांचा तर जन्मच १६७४ चा!

आपला शेतकरी ज्याला बेवड म्हणतो, तोच विचार येथे होता. पहिल्या वर्षी गहू, दुसऱ्या वर्षी सलगम, तिसऱ्या वर्षी जव आणि चौथ्या वर्षी क्लोव्हर, म्हणजे आपल्या लसूणघासासारखे द्विदल गवत. पूर्वी कस भरून यावा आणि तण मारता यावे म्हणून जमीन पडीक ठेवीत. आता सलगमाच्या खुरपणीत तण निघे, मेंढ्या शेतातच कंद खात आणि त्यांच्या लेंड्यांचे खत तेथेच पडे. क्लोव्हर जमिनीला नत्र देई. पडीक वर्ष वाचले, हिवाळ्यातला चारा मिळाला आणि धान्यही वाढले.

टाउनशेंड यांनी या पिकाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्यच करावे लागेल. पण वाफ्यातले खुरपे ज्यांनी प्रथम शेतात नेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या मागे राहिली ती फक्त घरातल्या भांड्याकुंड्यांची, गुरांची आणि सलगमाची यादी.