१८६५ चा मुंबईचा शेअर-सट्टा : एक पुनर्विचार

मुंबईवर १८६५ मध्ये कोसळलेला आर्थिक अनर्थ हा सामान्यतः लोभाचे फळ म्हणून सांगितला जातो. नीतिबोधाला हे स्पष्टीकरण पुरेसे असले, तरी इतिहासाला ते अपुरे आहे. लोभ १८६० मध्येही होताच. मग अनर्थ १८६५ मध्येच का ओढवला?

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस तुटला आणि हिंदी कापसाचे भाव कैक पटींनी चढले. मुंबईत आलेल्या या द्रव्याला परिचित गुंतवणुकीची क्षेत्रे थोडी होती. त्यामुळे नव्या बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन निर्माण करू पाहणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा शेअर त्याच्या कित्येक पटींनी विकला गेला. जी जमीन अद्याप पाण्याखाली होती, तिचे मोल ठरविण्याचे कोणतेही साधन सामान्य कुटुंबाजवळ नव्हते. चढता भाव आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मातबरांचा सहभाग हाच त्याने पुरावा मानला. असा निर्णय चुकीचा ठरला, तरी तो निव्वळ अविचाराचा होता असे म्हणता येत नाही.

या प्रवृत्तीला आळा घालणे हे बँकांचे काम होते. परंतु १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील पूर्वीची बंधने सैल झाली व शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. कर्जामुळे भाव चढे. चढलेल्या भावामुळे तारणाचे मोल वाढे. आणि त्या मोलावर पुन्हा कर्ज मिळे. म्हणजे बँक ज्याला तारण समजत होती, ते अंशतः तिच्याच कर्जाचे प्रतिबिंब होते.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेल्यावर कापसाबरोबर शेअरही गडगडले. असंख्य वायदे १ जुलै १८६५ या एकाच दिवशी पुरे व्हावयाचे होते. प्रत्येकाची फेड दुसऱ्याच्या फेडीवर अवलंबून असल्याने एका पेढीबरोबर दुसरी बुडाली. बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्ये संपुष्टात आली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने १८६३ चा कायदा आणि अपुऱ्या तारणावरील कर्जे यांवर नेमके बोट ठेवले.

सारांश, लोभ हे या अनर्थाचे निमित्त होय. स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्यांनीच ते काम सोडून देणे, हे त्याचे कारण होय.