मिलोची भाकर

आजी भाकरी थापायला बसली की बहात्तर साल निघायचंच. आमचं गाव बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं. त्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची, दुपारी कामावरच मिळालेली सुकडी खायची आणि रात्री रेशनची लाल मिलो दळायची. अमेरिकेची ज्वारी ती. आधणाच्या पाण्यात मळली तरी परातीतच कडा चिरायच्या, तव्यावर टाकेस्तोवर भाकर दुभंगायची. "जीव जगविला बाबा तिनं," आजी म्हणायची, "पर घास नरड्याखाली उतरायचा न्हाई."

आबा मात्र पुढं बोलायचे. दुसऱ्याच्या धान्यावर किती दिवस जगायचं, हा त्यांचा सवाल. तेव्हा दिल्लीत कृषी खात्याचे राज्यमंत्री होते अण्णासाहेब शिंदे, नगर जिल्ह्यातला आपला माणूस. आयात थांबवायची तर इथलं पीक वाढलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 1966 मध्ये मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आलं, त्या हरितक्रांतीच्या उभारणीत ते होते. परदेशातून बी आणून परदेशी धान्याची गरज संपवायची, ही मला आजही शेतकऱ्याची खरी राखण वाटते.

आता आमच्या रानात धान्य कमी, सोयाबीन आणि कापूस जास्त. भीतीही बदलली. मिलो पोट भरायला आली होती. आजचं परदेशी तेल आणि कापूस आमचा माल घरात असतानाच बाजारात उतरतो.

सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. सोयाबीनवाल्यांसाठी केलं, असं केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं. निर्णय योग्यच होता. तरी बाजार 4892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला आणि मे 2025 अखेर तेच शुल्क 10 टक्क्यांवर आलं.

मग कापूस. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू होती, शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड नाही असं चौहान ठामपणे सांगत होते. त्याच सुमारास, ऑगस्ट 2025 मध्ये, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, पुढं 31 डिसेंबरपर्यंत. सप्टेंबरात बीडमध्ये पावसानं कहर केला. आमच्या वावरात खालची बोंडं झाडावरच काळी पडली, सरकीला कोंब फुटले. वरचा कापूस वेचून घरात आणला तेव्हा बाहेरचा माल बिनशुल्क येत होता. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे मला कळतं. पण त्याची किंमत वेचणीच्या महिन्यांत आम्हीच का मोजायची?

आबा असते तर त्यांनी मंत्र्याचं भाषण ऐकलं नसतं, शुल्क कोणत्या तारखेला उठलं ते विचारलं असतं. म्हणून तारखेचीच विनंती मी कृषिमंत्र्यांना करतो: ऑक्टोबर ते मार्च, माल शेतकऱ्याच्या घरात असतो तोवर आयात शुल्क कमी होऊ देऊ नका. मंत्रिमंडळात हे ठासून सांगा.