‘क्षुल्लक’ नोंदींचा इतिहास : मार्था बॅलर्डची रोजनिशी

इतिहासाचे साधन कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, हा निर्णय इतिहास लिहायला बसण्यापूर्वीच झालेला असतो. तो कोणी घेतला हे मात्र बहुधा विचारले जात नाही. या दृष्टीने अठराव्या शतकातील एका अमेरिकन सुईणीच्या रोजनिशीचा प्रवास साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखा आहे.

मार्था बॅलर्डचा जन्म १७३५ साली मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड या गावी झाला. १७५४ मध्ये एफ्रेम बॅलर्डशी विवाह, पुढे नऊ अपत्ये. १७६९ च्या उन्हाळ्यात घटसर्पाच्या साथीत तिच्या तीन मुली तीन आठवड्यांच्या आत दगावल्या. त्या वेळी ती स्वतः गरोदर होती. १७७७ मध्ये ती आजच्या मेन राज्यातील केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल वसाहतीत राहायला आली. नवरा जमिनीची मोजणी करी, गिरण्या चालवी. भाजीपाल्याची बाग, मेंढ्या, कोंबड्या, जवसाच्या तंतूंचे सूत, माग हा सारा व्याप घरच्या बायकांचा. शिवाय मार्था पंचक्रोशीची सुईण होती. आजाऱ्याची शुश्रूषा, औषधी वनस्पतींचे काढे आणि मृताला अखेरचे कपडे घालणे ही कामेही तिच्याकडेच येत.

१ जानेवारी १७८५ पासून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने रोज दोन-चार ओळी लिहायला सुरुवात केली. शेवटची नोंद ७ मे १८१२ ची आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या ७७ व्या वर्षी, ती वारली. सत्तावीस वर्षांत ९,९६५ दिवसांच्या नोंदी आणि ८१६ बाळंतपणे. हवा कशी होती, कोण आले, काय पेरले, किती सूत झाले, कोणाला मुलगा झाला, किती पैसे मिळाले, एवढेच. मनोगत जवळजवळ नाहीच.

ही रोजनिशी अज्ञात नव्हती. १८७० साली त्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थ यांनी ती पाहिली होती. पण ती त्रोटक आणि बहुतांशी सर्वसाधारण वाचकाच्या कामाची नाही, असा शेरा देऊन ते पुढे गेले. नंतर तिचे उतारे निवडणाऱ्या चार्ल्स नॅश यांनाही त्यातील बराच भाग क्षुल्लक वाटला. विसाव्या शतकात, १९७० च्या दशकातील एका स्त्रीवादी ग्रंथानेही घरकामाच्या तपशिलांविषयी जुन्याच शेऱ्याची पुनरुक्ती केली. म्हणजे दोष केवळ पुरुषी दृष्टीचा नव्हता. घटना म्हणजेच इतिहास आणि पुनरावृत्ती म्हणजे पोकळी, ही समजूतच मुळात खोल रुजलेली होती.

लॉरेल थॅचर उलरिक यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ मिडवाइफ्स टेल’ या ग्रंथात (१९९१ चे पुलित्झर पारितोषिक) नेमकी ही समजूत उलटवली. त्यांनी क्षुल्लक नोंदी गाळल्या नाहीत, मोजल्या. तेव्हा दिसले ते असे : मुली मागावर बसल्या होत्या म्हणूनच आई रात्री-अपरात्री, कधी होडीतून तर कधी गोठलेल्या नदीवरून, बाळंतिणीकडे जाऊ शकत होती. मुलींची लग्ने झाली आणि घरकामाचे ओझे उतारवयात तिच्यावर कोसळले. बाईच्या ‘व्यवसाया’चा पाया दुसऱ्या बायकांच्या बिनमोल श्रमावर उभा होता, हे कोणत्याही एका नोंदीत लिहिलेले नाही, ते हजारो नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावरच वाचता येते. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी तिच्या हातून एकही माता दगावली नाही, पाच जणी नंतरच्या दिवसांत गेल्या, हेही अशा मोजणीतूनच कळते.

या कोरड्या लेखनातले मौनही बोलके आहे. अविवाहित स्त्रीच्या प्रसूतिवेदना चालू असताना तिला मुलाच्या बापाचे नाव विचारणे आणि ते कायद्यासाठी लक्षात ठेवणे, हे सुईणीचे कर्तव्य मानले जाई. १७९१ मध्ये अशाच एका प्रसूतीत मार्थाने जे नाव ऐकले ते तिच्या स्वतःच्या मुलाचे, जोनाथनचे होते. तिने ते नोंदवले. पुढच्या वर्षी त्या दोघांचे लग्न झाले. १८०४ मध्ये करवसुलीच्या थकबाकीपायी एफ्रेम तुरुंगात गेला, आणि जोनाथनचे कुटुंब तिच्या घरात राहायला आले. सत्तरीच्या घरातली मार्था स्वतःच्याच घरात एका खोलीपुरती उरली. तक्रार आहे, पण तीही सरपणाच्या नोंदीतून डोकावते.

मराठी वाचकाला येथे रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु फरक लक्षात घ्यावा. आठवणी मागे वळून लिहिल्या जातात. शेवट ठाऊक असल्याने त्यांना आकार येतो. रोजनिशीला उद्याचा दिवस ठाऊक नसतो. तिचा आकार वाचणाऱ्याला शोधावा लागतो, आणि तो शोधण्याची तयारी नसेल तर ती ‘क्षुल्लक’ ठरते. जात्यावरच्या ओव्यांनाही दीर्घकाळ अशीच वागणूक मिळाली. आपल्याकडच्या सुईणींच्या हाती लेखणी नव्हती. त्यामुळे त्यांच्या आयुष्याची साधने ओव्यांत, म्हणींत, बाळंतविड्याच्या याद्यांत आणि घरोघरच्या हिशेबाच्या वह्यांतच शोधावी लागतील. रद्दीत जाणाऱ्या अशा वह्यांकडे मराठीच्या विद्यार्थ्यांनी साधन म्हणून पाहिले पाहिजे.

मार्थाची वही टिकली ती कोणा इतिहासकारामुळे नव्हे. ती मुलीकडे, मग नातींकडे गेली, आणि अखेर तिच्या खापरपणतीकडे, मेरी होबार्टकडे आली. मेरी १८८४ साली न्यूयॉर्कच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली होती. आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात पदवी मिळण्याच्या दोनच वर्षे आधी. १९३० मध्ये तिने ती वही मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. घरातल्या बायकांनी जे टाकून दिले नाही, ते विद्वानांना वाचता यायला आणखी साठ वर्षे लागली.