दहा वॅटचे स्वातंत्र्य : अमेरिकेतील महाविद्यालयीन रेडिओ आणि स्वतंत्र संगीत (१९३६ ते २०१५)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना महाविद्यालयीन रेडिओचा उल्लेख टाळता येत नाही. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या बाहेर, छोट्या निर्मात्यांनी काढलेले जे संगीत 'स्वतंत्र' किंवा 'इंडी' या नावाने ओळखले जाते, ते प्रथम ऐकवणारा निवेदक पुष्कळदा विद्यापीठातील एखादा विद्यार्थीच असे. या घटनेचे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे तरुणांच्या बंडखोर वृत्तीत शोधले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. बंडखोर तरुण सर्वत्र असतात, त्यांच्या हाती प्रक्षेपक मात्र सर्वत्र येत नाही. तो अमेरिकेत कसा आला, त्याचा परवाना कोणाच्या नावावर होता आणि त्या परवान्याला बाजारात काय किंमत होती, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन रेडिओच्या वाटचालीचा विचार केला आहे. या केंद्रांना लाभलेले स्वातंत्र्य कोणी विचारपूर्वक बहाल केलेले नव्हते. ती केंद्रे क्षुल्लक मानली जात होती म्हणून ते टिकले, आणि ती क्षुल्लक राहिली नाहीत तेव्हा ते धोक्यात आले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

तारांपासून लहरींपर्यंत

अमेरिकेतील शिक्षणसंस्थांनी रेडिओत प्रवेश केला तो १९२०च्या दशकाच्या आरंभी. त्या काळी सुमारे दोनशे शिक्षणसंस्थांनी परवाने मिळवले होते. परंतु व्यापारी केंद्रांच्या स्पर्धेपुढे आणि मंदीच्या आर्थिक ताणापुढे त्यांतील बहुसंख्य केंद्रे १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बंद पडली वा विकली गेली. ही केंद्रे प्राध्यापकांची होती. शेतीविषयक माहिती, व्याख्याने व अभिजात संगीत हे त्यांचे स्वरूप होते.

विद्यार्थ्यांचा रेडिओ निराळ्या वाटेने आला. १९३६ मध्ये ब्राऊन विद्यापीठातील जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या खोल्या तारांनी जोडून 'ब्राऊन नेटवर्क' सुरू केले. प्रक्षेपण इतके क्षीण होते की इमारतींच्या बाहेर ते ऐकू येत नसे. त्यामुळे परवान्याचा प्रश्न उद्भवला नाही. ही युक्ती इतर विद्यापीठांत झपाट्याने पसरली आणि १९४० मध्ये अशा केंद्रांची 'इंटरकॉलेजिएट ब्रॉडकास्टिंग सिस्टिम' ही संघटना स्थापन झाली.

दुसरे पाऊल शासनाने टाकले. रेडिओच्या लहरींचे वाटप करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (यापुढे 'आयोग') १९४५ मध्ये एफ.एम. पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवला. परंतु युद्धोत्तर काळात एफ.एम. ग्राहकयंत्रे फार थोड्या घरांत होती आणि पूर्ण क्षमतेचे केंद्र उभारणे महाविद्यालयांना परवडत नव्हते. राखीव जागा रिकामी राहू लागली. ती भरावी म्हणून आयोगाने १९४८ मध्ये 'ड' वर्गाचा, अवघ्या १० वॅट शक्तीचा परवाना निर्माण केला. दहा वॅट म्हणजे घरातील लहानशा दिव्याइतकी शक्ती. प्रक्षेपण जेमतेम दोन ते पाच मैल पोहोचे. यंत्रसामग्री स्वस्त, नियम सैल आणि श्रोते मोजके अशा स्थितीत अनेक महाविद्यालयांनी परवाना घेतला आणि केंद्राचा कारभार विद्यार्थ्यांवर सोपवला. त्यात उदारमतापेक्षा सोय अधिक होती. पगारी कर्मचारी नेमण्याइतके महत्त्व कोणी त्या केंद्राला देत नव्हते.

१९७८चा निर्णय

१९६७च्या सार्वजनिक प्रसारण कायद्यामुळे चित्र बदलले. या कायद्यान्वये सार्वजनिक प्रसारण महामंडळ स्थापन झाले व पाठोपाठ 'नॅशनल पब्लिक रेडिओ' ही व्यावसायिक दर्जाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या सदस्य केंद्रांना राखीव पट्ट्यात जागा हवी होती आणि ती जागा ठिकठिकाणी विद्यार्थ्यांच्या दहा वॅटच्या केंद्रांनी अडवली होती. महामंडळाने १९७२ मध्ये आयोगाकडे याबाबत मागणी केली. १९७८ मध्ये निर्णय झाला. 'ड' वर्गाचे नवे परवाने बंद करण्यात आले. जुन्या केंद्रांनी किमान १०० वॅटपर्यंत शक्ती वाढवावी, अन्यथा अधिक शक्तीच्या केंद्रापुढे त्यांना संरक्षण मिळणार नाही, असे ठरले.

हेतू लहान केंद्रे हटवण्याचा होता. काही केंद्रे हटलीही. परंतु अनेक महाविद्यालयांनी पदरचा पैसा घालून शक्ती वाढवली आणि जे केंद्र कालपर्यंत महाविद्यालयाच्या आवारापुरते होते, ते शहरभर ऐकू येऊ लागले. हा योगायोग संगीताच्या दृष्टीने निर्णायक ठरला. याच सुमारास एफ.एम.च्या श्रोत्यांची संख्या ए.एम.च्या पुढे जात होती. व्यापारी केंद्रे मात्र सल्लागारांनी आखून दिलेल्या ठरावीक गाण्यांच्या यादीत बंदिस्त होत चालली होती. पंक चळवळीनंतर स्वतःच्या खर्चाने तबकड्या काढणाऱ्या वाद्यवृंदांची लाट आली होती. त्यांना व्यापारी केंद्रांवर स्थान नव्हते. महाविद्यालयीन केंद्रांना जाहिरातदारांची भीती नव्हती, आणि तबकडी फुकट मिळाली तर ती वाजवायला विद्यार्थी उत्सुकच होते. १९७८ मध्येच रॉबर्ट हेबर यांनी 'सीएमजे' या नियतकालिकाचा पाया घातला. देशभरातील महाविद्यालयीन केंद्रांवर काय वाजते याची यादी त्यातून प्रसिद्ध होऊ लागली आणि एकमेकांपासून तुटलेल्या केंद्रांना परस्परांची खबर मिळू लागली.

अथेन्स, ऑलिंपिया, लाँग आयलंड

या काळाची तीन उदाहरणे वेगवेगळ्या प्रकारची आहेत. जॉर्जिया विद्यापीठाच्या अथेन्स या गावात डब्ल्यूयूओजी हे विद्यार्थी केंद्र १९७२ पासून चालू होते. तेथेच १९८० मध्ये 'आर.ई.एम.' हा वाद्यवृंद जन्मला. त्याची पहिली तबकडी १९८१ मध्ये 'हिब-टोन' या अगदी छोट्या निर्मात्याने काढली. व्यापारी केंद्रांचे फारसे साहाय्य नसताना, महाविद्यालयीन केंद्रे आणि विद्यापीठांच्या गावांतील छोटी सभागृहे यांच्या आधारावर या वाद्यवृंदाने देशभर श्रोता मिळवला. १९८८ मध्ये 'वॉर्नर ब्रदर्स'सारख्या बड्या कंपनीने त्याच्याशी करार केला.

वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथे एव्हरग्रीन स्टेट कॉलेजच्या केएओएस केंद्राने हीच गोष्ट नियम म्हणून स्वीकारली. वाजवल्या जाणाऱ्या संगीतापैकी ८० टक्के स्वतंत्र निर्मात्यांचे असावे असे धोरण जॉन फॉस्टर यांच्या पुढाकाराने तेथे ठरले. फॉस्टर यांनी १९७९ मध्ये 'ऑप' हे नियतकालिकही सुरू केले. इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षराला एक याप्रमाणे २६ अंक काढून ते १९८४ मध्ये ठरल्याप्रमाणे थांबवण्यात आले. याच वातावरणात कॅल्व्हिन जॉन्सन यांची 'के रेकॉर्ड्स' (१९८२) ही संस्था उभी राहिली. ब्रूस पॅव्हिट यांचे 'सब पॉप'ही याच वातावरणातले. ते आधी नियतकालिक होते, मग निर्मितीसंस्था झाले. पॅव्हिट यांचे भागीदार जोनाथन पोनमन हे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केसीएमयू केंद्रावर निवेदक होते. १९८८ मध्ये 'निर्वाणा'ची पहिली तबकडी सब पॉपनेच काढली. अवघ्या तीन वर्षांनी, १९९१ च्या सप्टेंबरात, त्याच वाद्यवृंदाचा 'नेव्हरमाइंड' हा संग्रह एका बड्या कंपनीकडून आला आणि १९९२ च्या जानेवारीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

महाविद्यालयीन रेडिओ म्हणजे गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांचे गिटारसंगीत, ही समजूत तिसऱ्या उदाहरणामुळे दुरुस्त करावी लागते. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरील अडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू केंद्रावर १९८०च्या दशकाच्या आरंभी बिल स्टेफनी, चक डी आणि त्यांचे सहकारी रॅप संगीताचे कार्यक्रम करीत. 'पब्लिक एनिमी' हा प्रभावी समूह या केंद्राच्या परिसरातच आकाराला आला. पुढे १९९० ते १९९८ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावरील स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांच्या मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमाने अनेक रॅप कलावंतांना, त्यांच्याशी कोणत्याही कंपनीने करार करण्यापूर्वी, हवेवर आणले. व्यापारी केंद्रे रॅपला दिवसा थारा देत नव्हती, त्या वेळी विद्यापीठाची रात्र मोकळी होती.

परवाना कोणाचा?

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान होती. केंद्र विद्यार्थी चालवीत; परवाना मात्र विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या नावावर असे. कायद्याच्या दृष्टीने विद्यार्थ्यांचे तेथे काहीच नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सपीएन केंद्राला १९७५ मध्ये अश्लील प्रक्षेपणाबद्दल दंड झाला आणि पुढे परवान्याचे नूतनीकरणही नाकारले गेले. विद्यापीठाने केंद्रावरील आपले नियंत्रण सोडून दिले होते, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. देशभरातील प्रशासकांनी यातून बोध घेतला. विद्यार्थ्यांना मोकळीक देणे हा आता परवानाधारकाच्या दृष्टीने धोका ठरू लागला.

सिअ‍ॅटल येथे १९९२ मध्ये हा ताण उघड झाला. केसीएमयूच्या व्यवस्थापनाने स्वयंसेवकांच्या कार्यक्रमांची जागा बाहेरून विकत घेतलेल्या कार्यक्रमास दिली. निषेध करणाऱ्या स्वयंसेवकांना दूर करण्यात आले, कारण केंद्रावर हवेतून टीका करण्यास मनाई होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये ही मनाई घटनाबाह्य ठरली. स्वयंसेवकांना बोलण्याचा हक्क मिळाला; केंद्र त्यांचे झाले नाही. २००१ मध्ये ते केईएक्सपी या नव्या नावाने व्यावसायिक स्वरूपात उभे राहिले. अडेल्फी विद्यापीठाने तर १९९५ मध्ये आपले केंद्र बंदच केले.

ह्यूस्टन येथील राईस विद्यापीठाच्या केटीआरयू केंद्राची कथा या संपूर्ण इतिहासाचे सार सांगते. १९६७ मध्ये वसतिगृहातील तारांवर त्याचा आरंभ झाला. १९७१ मध्ये त्याला १० वॅटचा एफ.एम. परवाना मिळाला. शक्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि १९९१ मध्ये ती ५०,००० वॅट झाली. विद्यार्थ्यांचे विक्षिप्त, अपरिचित संगीत आता एका महानगरात ऐकू येत होते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा उत्कर्ष होता. हिशेबनिसाच्या दृष्टीने मात्र देशातील एका मोठ्या शहरातील ५०,००० वॅटचा परवाना ही मालमत्ता होती. २०१० च्या ऑगस्टमध्ये तो ९५ लाख डॉलरना ह्यूस्टन विद्यापीठास विकण्याचा निर्णय जाहीर झाला. विद्यार्थ्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, आयोगाकडे हरकती नोंदवल्या. तरीही २०११ च्या एप्रिलमध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीस सान फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या केयूएसएफ केंद्राचे प्रक्षेपण चालू असतानाच बंद करण्यात आले. त्याची किंमत साडेसदतीस लाख डॉलर ठरली होती. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे डब्ल्यूआरव्हीयूही त्याच वर्षी नॅशव्हिलच्या सार्वजनिक रेडिओकडे गेले.

विद्यापीठांची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. विद्यार्थी आता संगीत संगणकावर ऐकतात, केंद्र इंटरनेटवरून चालू राहू शकते, मिळणारी रक्कम इतर शैक्षणिक गरजांसाठी उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. इंटरनेटवरून प्रक्षेपण करणाऱ्या पहिल्या केंद्रांत १९९४ मध्ये चॅपल हिल येथील डब्ल्यूएक्सवायसी हे विद्यार्थी केंद्रच होते, हेही खरे. परंतु या युक्तिवादात एक बाब सुटते. इंटरनेटवरील केंद्र शोधणाऱ्यालाच सापडते. हवेवरील केंद्र न शोधणाऱ्यालाही, गाडीतील रेडिओची खुंटी फिरवताना, अवचित भेटते. अपरिचित संगीताचा प्रसार मुख्यतः अशा अवचित भेटींवर झाला होता.

याउलट न्यू जर्सीतील उप्साला कॉलेजच्या डब्ल्यूएफएमयू केंद्राचे उदाहरण आहे. आर्थिक अडचणीतील हे महाविद्यालय १९९५ मध्ये कायमचे बंद झाले. पण त्यापूर्वीच केंद्राशी संबंधित मंडळींनी स्वतःची ना-नफा संस्था काढून परवाना विकत घेतला होता. महाविद्यालय गेले, केंद्र राहिले. ज्यांच्या हाती परवाना होता तेच टिकले.

समारोप

आयोगाने २००० मध्ये 'अल्पशक्ती एफ.एम.' हा नवा वर्ग निर्माण केला. त्याची कमाल शक्ती १०० वॅट. १९७८ मध्ये जे दार लावले गेले होते, ते २२ वर्षांनी किंचित किलकिले झाले. याच वर्गातील परवान्यावर २०१५ मध्ये राईसचे विद्यार्थी पुन्हा हवेवर आले, काही मैलांच्या मर्यादेत. त्यांच्या जुन्या लहरीचे पुढे काय झाले? ह्यूस्टन विद्यापीठाने तीवर काही वर्षे अभिजात संगीत ऐकवले आणि २०१६ मध्ये तीही एका धार्मिक प्रसारण संस्थेस विकली.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष केवळ रेडिओपुरता नाही. शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांचे उपक्रम बहुधा त्या कोपऱ्यांत फुलतात, जिकडे कोणाचे लक्ष नसते. दुर्लक्षातून मिळालेले स्वातंत्र्य खरे असते, सर्जनशीलही असते. मात्र त्याला कागदाचा आधार नसतो. उपक्रम यशस्वी होताच लक्ष जाते आणि लक्ष गेले की किंमत ठरते. ब्राऊनच्या दोन विद्यार्थ्यांनी टाकलेल्या तारांना विकत घेणारा कोणी नव्हता. ५०,००० वॅटच्या प्रक्षेपकाला होता. त्या मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या श्रमांना परवान्यात, नियमावलीत वा विश्वस्तांच्या मंडळात थोडीशी जागा देणे कोणत्याही विद्यापीठाला शक्य होते. ज्यांनी ती दिली नाही, त्यांच्याकडे विक्रीची रक्कम राहिली. अनोळखी संगीत प्रथम ऐकवणारे निवेदक राहिले नाहीत.