तळटीप : हस्तिदंत आणि साग

* हस्तिदंत : कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड १८९० मध्ये स्वतः काँगोत होता, त्यावर बेतलेली त्याची कादंबरिका 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ मध्ये मासिकातून क्रमशः आली. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला तिथून हस्तिदंत हवा होता, पुढे रबर. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्यात राहणाऱ्या वाचकाला यात परकं काही वाटू नये. सातपुड्यात इंग्रजांना साग हवा होता. त्या डोंगराळ मुलखावर ताबा ठेवायला १८२५ मध्ये खानदेशात इंग्रजांची भिल्ल पलटण उभी राहिली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं 'राखीव' होत गेली आणि तिथलेच रहिवासी लाकूडतोडीचे गुन्हेगार ठरले. कॉनरॅड लुटारूंना सोडत नाही, पण त्याचे आफ्रिकी जवळजवळ मुकेच. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचा कॉनरॅडवरचा वंशद्वेषाचा आरोप म्हणूनच झटकता येत नाही. मराठीत या विषयाच्या जवळ जाते ती विभावरी शिरूरकरांची कादंबरी 'बळी' (१९५०) : इंग्रजी कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्यांची, तारेच्या कुंपणाआडची वस्ती.